जेटीवरच अडणारी गाडी

पूर्ण बंद पडलेली गाडी दुरुस्त करायला सोपी. बॅटरी उतरली असेल तर ती उतरलेलीच दिसते, वायर तुटली असेल तर तुटलेलीच सापडते, आणि संध्याकाळपर्यंत गाडी मालकाच्या दारात उभी राहते. ऑटो इलेक्ट्रिशियनचा घाम काढणारी जात निराळी. आठवडाभर एका सेल्फमध्ये चालू होणारी, नको तिथे अडणारी आणि वर्कशॉपच्या दारात आली की शहाण्यासारखी सुरू होणारी. अशी गाडी घेऊन येणारा मालक ओशाळलेला असतो. "आत्ता तासाभरापूर्वी अडली होती हो, खरंच सांगतो," असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो. मला त्याच्या बोलण्याबद्दल शंका नसते. अडचण एवढीच की जो दोष या घडीला गाडीत नाही, तो माझ्या मीटरला दिसायचा कसा?

माझं वर्कशॉप निवळी-जयगड रस्त्याला, जयगडच्या अलीकडे आहे. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे गाव. खाडीच्या तोंडाशी किल्ला, पलीकडे दीपगृह, खाली जेटी. २००९ साली इथलं नवं बंदर सुरू झालं, शेजारी बाराशे मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आला आणि या रस्त्यावर ट्रेलर-डंपरची रांग लागली. माझ्याकडे मात्र जास्त येतात ती छोटी गिऱ्हाइकं. मासळीचे टेम्पो, रिक्षा, गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या गाड्या आणि गावातल्या जुन्या मोटारी. या सगळ्यांचा शत्रू एकच, खारा वारा. हवेतलं मीठ लोखंडावर, तांब्यावर बसतं, ओलावा धरून ठेवतं आणि आत आत शिरतं. त्यात जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. वायरीचं वरचं इन्शुलेशन नव्यासारखं दिसतं, पण सोलून बघावं तर आतल्या तारा काळ्या पडलेल्या, सोल्डर धरायला तयार नाहीत. बॅटरीच्या लगवर हिरवा थर आला तर निदान डोळ्यांना दिसतो. लगच्या आत, तार जिथे दाबून बसवलेली असते तिथे, काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही. म्हणून इकडे गाडी अडली की लहान पोरगासुद्धा "अर्थिंग बघा" म्हणतो, आणि बऱ्याच वेळा ते खरंही निघतं.

गुरुजींच्या मारुती आठशेचं निदानही गावाने तसंच करून टाकलं होतं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मला नाही, पण माझ्या धाकट्या भावाला त्यांनी पाढे शिकवलेत, त्यामुळे मला अरे-तुरे करायचा त्यांना हक्क आहे. गाडी कार्बोरेटरच्या जमान्यातली. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घेतलेली, आणि पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओकडे नेऊन, पुन्हा नोंदणी करून जपलेली. हे मॉडेल १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलं आणि २०१४च्या जानेवारीत त्याचं उत्पादन थांबलं. एवढी वर्षं ते टिकलं यात नवल नाही. बॉनेट उघडलं की हात शिरायला जागा आहे, वायरिंग मोजकं आहे, आणि एखादी वायर कुठून निघून कुठे गेली ते बोटाने दाखवता येतं. दोष होता तो गाडीच्या वयात आणि इथल्या हवेत.

माझ्याकडे यायच्या आधी गाडीत नवी बॅटरी बसली होती. अर्थिंगची पट्टी बदलली होती. सेल्फ खाली उतरवून त्याचे कार्बन ब्रश आणि बुश नवे घातले होते. एवढं करूनही गाडी अडतच होती, आणि आता अख्खा सेल्फच नवा टाका असा सल्ला मिळाल्यावर गुरुजी माझ्या दारात आले.

"काय होतं नेमकं?" मी विचारलं.

"स्टार्ट होत नाही."

हे उत्तर मला दिवसातून चार वेळा मिळतं आणि दर वेळी त्यामागे वेगळा आजार असतो. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, असं असेल तर पेट्रोल नाही तर स्पार्क बघायचा. चावी फिरवल्यावर कटकटकट असा भराभर आवाज आला, तर बॅटरी दुबळी आहे किंवा तिचे जाड सांधे ढिले आहेत. एकच दणदणीत 'टक' होऊन सगळं थांबलं, तर सोलेनॉइडने, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचने, आपलं काम केलं आहे, पुढे मोटरपर्यंत करंट जात नाही किंवा मोटर अडकली आहे. आणि काहीच आवाज नाही, डॅशवरचे दिवे मात्र स्वच्छ पेटलेले, असं असेल तर सेल्फला हुकूमच पोचलेला नाही.

मी यातले तिन्ही आवाज तोंडाने काढून दाखवले. गुरुजी हसले. म्हणाले, "आवाजच नाही. लाल दिवे पेटतात, आपण चावी फिरवतो, आणि गाडी ढिम्म."

"आणि ढकलली तर?"

"दुसऱ्या गिअरवर लगेच पकडते."

म्हणजे इग्निशन ठीक, पेट्रोल ठीक. आता प्रश्न राहिला तो कधीचा. काय बिघडलंय हे मालक सांगू शकत नाही, ते सांगणं त्याचं कामही नाही. पण कधी बिघडतं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, आणि दुर्दैवाने ते त्याला कोणी विचारत नाही. सकाळी की दुपारी, गाडी थंड असताना की तापलेली, पाऊस होता का, उभी करून किती वेळ झाला होता, मग चालू झाली ती कशाने. गुरुजींच्या बाबतीत माझं नशीब चांगलं होतं. पेट्रोल भरल्याची तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहायची वही त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवली होती, आणि तिच्या उजव्या समासात जिथे गाडी अडली तिथे 'अडली' असं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ठिकाणासकट.

वही चाळली. प्रत्येक 'अडली'पुढे एकच ठिकाण होतं, जयगड जेटी.

गुरुजींच्या लेकीचं सासर गुहागरला. जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे तवसाळ, तिथून रोहिले, नरवण, हेदवी, वेळणेश्वर असं करत गुहागर. बोट नसेल तर भातगावच्या पुलावरून मोठा वळसा घ्यावा लागतो. महिन्यातून एक-दोनदा गुरुजी जातात-येतात. जाताना तवसाळच्या जेटीवर गाडी कधी अडलेली नाही. येताना जयगडच्या जेटीवर अडते. गुहागरला, घरी, बाजारात, कुठेही नाही. याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला होता. गुरुजींच्या पत्नीने जेटीवर एक नारळही फोडला होता.

मला त्या वहीत दुसरंच काही दिसत होतं. गुरुजींचं घर जेटीपासून हाकेच्या अंतरावर. जाताना गाडी बोटीत चढते तेव्हा इंजिन जेमतेम कोमट झालेलं असतं. येताना मात्र ती गुहागरपासून चढउतारांचा रस्ता तापत आलेली असते, आणि बोटीत चढली की इंजिन बंद. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चालती गाडी वाऱ्याने आणि पंख्याने थंड होत असते. ती थांबवून बंद केली की वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण इंजिनाच्या लोखंडात साठलेली उष्णता कुठेच जात नाही. ती बॉनेटखाली पसरते. त्यामुळे बंद केल्यानंतरची पहिली पंधरावीस मिनिटं बॉनेटखालच्या सुट्या भागांना चालत्या गाडीपेक्षा जास्त भाजतात. बोटीत चढणं, गाडी लावणं, बोट सुटणं, खाडी ओलांडणं आणि रॅम्प उतरणं, सगळं धरून जवळपास तेवढाच वेळ होतो. जेटीवर मदत शोधून कोणी मेकॅनिक आणेपर्यंत गाडी निवलेली असते आणि त्याच्यासमोर एका सेल्फमध्ये सुरू होते. माझ्या आधीच्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. त्याला बिघडलेली गाडी कधी बघायलाच मिळाली नव्हती.

उष्णतेने सेल्फचं काय बिघडतं ते सांगायला सेल्फची रचना थोडी सांगितली पाहिजे. मोटारीला विजेवर चालणारा सेल्फ आणला तो चार्ल्स केटरिंग यांनी, १९१२च्या कॅडिलॅकमध्ये. त्याआधी हँडल मारायचं. सेल्फची मोटर छोट्या गाडीतसुद्धा शंभरावर अँपिअर करंट खाते, आणि एवढा करंट चावीच्या स्विचमधून नेता येत नाही. जुन्या विलीज जीपला त्यासाठी पायाने दाबायचं जाड बटण असायचं. पाय दिला की मुख्य करंट सरळ मोटरला. मी रत्नागिरीत ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो ते म्हणायचे, जीपचा सेल्फ नाही फिरला तर बॅटरी, बटण आणि मोटर, एवढे तीनच आरोपी. चावीने गाडी सुरू व्हायला लागल्यावर आरोपी वाढले. आता दोन वाटा आहेत. एक जाड, बॅटरीपासून सेल्फपर्यंत. दुसरी बारीक, बॅटरीकडून फ्यूजच्या मार्गाने चावीच्या स्विचपर्यंत आणि स्विचमधून सेल्फवरच्या सोलेनॉइडपर्यंत. बारीक वाटेने आलेला करंट सोलेनॉइडच्या कॉइलमध्ये चुंबक तयार करतो, ते चुंबक लोखंडी प्लंजर ओढतं, आणि प्लंजर जाड वाटेचा संपर्क जोडतो. 'टक' आवाज येतो तो प्लंजरचा.

कॉइल तांब्याचं. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के. म्हणजे कॉइल सत्तर अंशांनी जास्त तापलं तर विरोध पाव पटीने वाढला आणि त्याच व्होल्टेजवर ओढायची ताकद घटली. नव्या गाडीत याने काही बिघडत नाही, कारण ताकद गरजेपेक्षा बरीच जास्त ठेवलेली असते. पण बारीक वाटेवर कुठेतरी व्होल्ट गळत असतील तर थंडीत कसंबसं निभावतं आणि उष्णतेत प्लंजर हलत नाही.

हा माझा अंदाज होता. अंदाजावर सुटे भाग बदलायचे असते तर ते माझ्याआधीच झालं होतं. मी गुरुजींना म्हटलं, पुढच्या वेळी गुहागरला जाल तेव्हा मी येतो.

"तू? दुकान बंद ठेवून?"

"गाडी तिथेच अडते ना? मग तिथेच बघायला हवी."

जाण्याच्या आदल्या दिवशी गाडी वर्कशॉपमध्ये घेऊन चार ठिकाणी बारीक वायरी जोडून ठेवल्या. बॅटरीचा प्लस, स्विचमध्ये आत जाणारी वायर, स्विचमधून बाहेर येणारी वायर, आणि सोलेनॉइडचं छोटं टर्मिनल. प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाची टेप लावली आणि चारही टोकं डाव्या बाजूच्या सीटसमोर आणून ठेवली. मीटरचा काळा क्लिप बॅटरीच्या मायनसवर. आता बॉनेट न उघडता, बसल्या जागेवरून कुठलंही व्होल्टेज बघता येणार होतं. गाडीची एकही मूळ जोडणी मी सोडवली नाही, आणि ते मुद्दाम. पुष्कळजण सोलेनॉइडची वायर काढून तिच्या टोकाला टेस्टर लावतात, दिवा पेटतो, बारा व्होल्ट दिसतात, आणि वायर ठीक आहे असं ठरवून मोकळे होतात. पाइप गाळाने अर्धा तुंबला असला तरी नळ बंद असताना दाब पूर्णच दिसतो. नळ सोडल्यावर धार करंगळीएवढी पडते. वायरीचंही तसंच. सोलेनॉइड जोडलेला असताना, तो करंट मागत असताना, त्या क्षणी मोजलं तरच गळती दिसते. टेस्टरचा छोटा बल्ब एवढा कमी करंट घेतो की सडलेल्या जोडणीतूनही तो आरामात पेटतो.

जाताना काहीच झालं नाही. गुहागरला गुरुजींच्या लेकीने आग्रहाने जेवू घातलं. परतीला दुपारचं ऊन होतं आणि तवसाळपर्यंत गाडी चांगली तापली. बोटीत शिरलो, हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं. आमच्या मागे पर्यटकांच्या मोठ्या गाड्या लागल्या. एरवी मी वर जाऊन वारा खात उभा राहिलो असतो. त्या दिवशी गाडीत बसून राहिलो. बॉनेटवर हात ठेवून बघितला तर चटका बसत होता.

जयगडला रॅम्प उतरला. गुरुजींनी चावी फिरवली. गाडी ढिम्म.

"बघ! बघ, हे असं!" गुरुजी जवळजवळ आनंदाने ओरडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना जाणकार साक्षीदार मिळाला होता.

"चावी सोडू नका, तशीच धरा," मी म्हटलं आणि सोलेनॉइडच्या वायरीवर मीटर लावला. ६.८ व्होल्ट. चावी सोडायला सांगून बॅटरीच्या वायरीवर मीटर लावला, पुन्हा चावी. १२.३. बॅटरी निर्दोष होती आणि सेल्फपर्यंत निम्म्याच्या आसपास व्होल्टेज पोचत होतं. तोवर मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. बोटीवरचा पोरगा वाकून म्हणाला, "काय वो गुरुजी, परत? ढकलायची काय?" चौघांनी मिळून गाडी रॅम्पवरून जेटीवर बाजूला लावली. एकाने सेल्फवर पाणी ओता म्हणून सांगितलं, दुसऱ्याने पाना घेऊन सेल्फला दोन ठोके द्या म्हणून. दोन्ही उपाय खरे आहेत. पाण्याने कॉइल निवतं, ठोक्याने चिकटलेला प्लंजर सुटतो, आणि दोन्हींनी दोष पुढच्या खेपेपर्यंत लपून बसतो. मी दोघांनाही हात जोडून थांबवलं. इंजिन निवायच्या आत उरलेली दोन मापं घ्यायची होती.

स्विचमध्ये आत जाणारी वायर, चावी फिरवलेली असताना: ११.७. बाहेर येणारी: ७.१.

म्हणजे बॅटरीपासून स्विचपर्यंत ०.६ व्होल्ट गेले, इतक्या जुन्या वायरिंगला ते चालण्यासारखं. स्विचपासून सोलेनॉइडपर्यंत ०.३, तेही ठीक. आणि स्विचच्या आत, चार बोटं लांबीच्या डबीत, ४.६ व्होल्ट. अर्थिंगवर गावाचा एवढा राग, म्हणून इंजिनाच्या लोखंडापासून बॅटरीच्या मायनसपर्यंतचंही माप घेतलं. ०.१. अर्थिंग बिचारं निर्दोष होतं. मागच्या डोंगरावर बाराशे मेगावॉट वीज तयार होत होती आणि खाली जेटीवर आम्ही साडेचार व्होल्ट शोधत होतो, हे बोटवाल्या पोराला सांगितल्यावर तो खूप हसला.

शेवटची खात्री म्हणून बॉनेट उघडून बॅटरीच्या प्लसपासून एक जाड वायर सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला टेकवली, गिअर न्यूट्रलला आहे हे बघून. सेल्फ 'टक' करून गर्रकन फिरला आणि इंजिन सुरू झालं. मोटर, ब्रश, जाड केबल, सोलेनॉइड, सगळं त्या एका टेकवण्याने निर्दोष सुटलं.

वर्कशॉपमध्ये येऊन स्टीअरिंगखालचा स्विच काढला आणि त्याचा मागचा भाग उघडला. आत प्रत्येक कामासाठी तांब्याच्या दोन-दोन टिकल्या असतात, चावी फिरवली की त्या एकमेकींना चिकटतात. इग्निशनच्या टिकल्या फिक्या, जरा झिजलेल्या होत्या. सेल्फच्या टिकल्या मात्र काळ्या ठिक्कर, मधोमध खड्डा पडलेला, आणि त्यांच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक भाजून तपकिरी झालेलं. भिंगातून त्या खड्ड्याच्या कडेला मण्यासारखे वितळलेले तांब्याचे थेंब दिसत होते. प्रत्येक वेळी चावी सोडताना तिथे एक बारीक ठिणगी पडते. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या ठिणग्यांनी तो खड्डा केला होता आणि खाऱ्या ओलाव्याने त्यावर काळा थर चढवला होता. गुरुजींनी तो तुकडा हातात घेऊन चष्मा वर करून बराच वेळ बघितला. "एवढंसं?" ते म्हणाले.

स्विचचा मागचा भाग नवा घातला. त्याबरोबर चार पिनांचा एक रिलेही बसवला. बॅटरीपासून फ्यूज घेऊन आलेली वायर ३० नंबरच्या पिनला, ८७ सोलेनॉइडला, आणि चावीकडून येणारी वायर ८६ला, ८५ अर्थला. आता सोलेनॉइडचा करंट रिलेतून जातो आणि चावीच्या स्विचला फक्त रिलेचं छोटं कॉइल चालवावं लागतं. त्याला अँपिअरचा एक लहानसा अंश पुरतो, त्यामुळे नवी टिकली त्या कामाने जळणार नाही. नुसता रिले लावूनही गाडी सुरू झाली असती. बरेचजण तेवढंच करतात. पण जळका स्विच तसाच ठेवायला माझं मन तयार नव्हतं, कारण इंजिन चालू ठेवणारा करंटही त्याच डबीतून जातो. उद्या तिथे दोष आला तर गाडी जेटीवर नाही, घाटात बंद पडेल.

आता खरा अवघड भाग. गाडी लगेच सुरू झाली, पण ती आधीही माझ्या दारात लगेचच सुरू होत होती. कधीतरी अडणाऱ्या गाडीच्या बाबतीत 'सुरू झाली' हा दुरुस्तीचा पुरावा धरता येत नाही. पुरावा आकड्यांचाच हवा, आणि तोही त्याच हालतीतला. म्हणून गाडी जवळच्या खंडाळ्यापर्यंत दामटून आणली, बंद केली, बॉनेट लावून तशीच ठेवली, चहा झाला, आणि मग मीटर लावून चावी फिरवली. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर १०.६, सोलेनॉइडच्या टर्मिनलवर १०.३. साडेपाच व्होल्टची गळती पाव व्होल्टच्या आसपास आली होती. मग मी गुरुजींना चावी दिली.

नवा सेल्फ घातला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. नव्या सेल्फचा प्लंजर सुळसुळीत असतो. सहा-सात व्होल्टवरही तो कदाचित हलला असता, आणि गाडी बहुधा काही महिने बिनबोभाट चालली असती. सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, सेल्फच गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. चुकीची दुरुस्ती अशी अर्धवट यशस्वी होते तेव्हा ती ओळखणं फार कठीण, कारण पुढच्या वेळी सगळेजण 'हा सेल्फही डुप्लिकेट निघाला' म्हणतात आणि स्विचकडे कोणी बघत नाही.

हे असं का होतं याचं उत्तर निव्वळ अज्ञानात नाही. आमच्या धंद्यात वस्तूचे पैसे मिळतात. गिऱ्हाईक नवी बॅटरी डोळ्यांनी बघतं, खोका बघतं, वॉरंटी कार्ड घेतं आणि कुरकुर न करता पैसे मोजतं. त्याच्याच गाडीवर दिवसभर मीटर घेऊन बसलो आणि शेवटी शंभर-दोनशे रुपयांचा रिले लावला, तर ते विचारतं, एवढ्याशा वस्तूचे एवढे पैसे? मेकॅनिकलाही घर आहे. शोधण्याचे पैसे मागायची सोय नाही म्हणून तो वस्तू विकतो, आणि एकामागून एक वस्तू बदलत गेलं की त्यातली एखादी कधीतरी लागू पडते. गिऱ्हाइकाचा खर्च तिप्पट होतो, पण प्रत्येक बिलावर एक वस्तू असते म्हणून ते रास्त वाटतं.

गुरुजींचं बिल मी तीन ओळींत केलं. स्विचचा मागचा भाग, रिले आणि वायर, आणि तिसरी ओळ 'दोष शोधणे', तिच्यापुढची रक्कम वरच्या दोन्हींच्या बेरजेहून मोठी. गुरुजींनी चष्मा लावून बिल वाचलं. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही. "पेपर तपासायला वेळ लागतोच," एवढंच म्हणून त्यांनी पैसे दिले आणि वहीत त्या तारखेपुढे नोंद केली.

तेव्हापासून तिसरी ओळ प्रत्येक बिलावर वेगळी लिहितो आणि काम घेण्याआधी तोंडी सांगतोही. काही गिऱ्हाइकं तेवढ्यावरून दुसरीकडे जातात. नव्या गाड्यांचे मालक म्हणतात, आता स्कॅनर आहे, शोधायचं काय त्यात? स्कॅनर कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो, आणि ते मोलाचं आहे. पण त्या सर्किटमधला कुठला कपलर खाऱ्या हवेने काळा पडलाय ते शेवटी मीटर आणि हातच सांगतात.

जुनी गाडी वापरणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. गाडी अडली की लगेच बॉनेट उघडून ठोकाठोक करू नका. चावी फिरवताना आवाज कसला आला, एक टक, अनेक, की काहीच नाही, ते ऐका. हेडलाइट लावून पुन्हा चावी फिरवा आणि दिवे मंदावतात का बघा. मंदावले तर दुखणं जाड वाटेवर, बॅटरी किंवा तिच्या सांध्यांत. तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ गप्प, तर बारीक वाटेवर, चावीच्या बाजूला. गाडी किती वेळ चालून आली, बंद करून किती वेळ झाला, आणि शेवटी सुरू झाली ती आपोआप की कशाने, एवढं कुठेतरी टिपून ठेवा. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल. हे घेऊन माझ्याकडे आलात तर निम्मं काम तुम्हीच केलेलं असेल, आणि बिलावरच्या तिसऱ्या ओळीची रक्कमही त्या मानाने कमी होईल.